रीड-स्टर्नबर्ग पेशीचे कूळ : हॉजकिन लसीकार्बुदाच्या उगमाच्या शोधाचा इतिहास

प्रास्ताविक

कर्करोगाची गाठ तपासणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञापुढे पहिला प्रश्न असतो तो पेशीच्या कुळाचा. बिघडलेली ही पेशी बिघडण्यापूर्वी कोण होती? बहुतेक कर्करोगांत याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याच अंशी मिळते, कारण बिघडलेल्या पेशीतही मूळ ऊतीचा तोंडवळा थोडाफार टिकून असतो. लसीका ग्रंथींच्या एका कर्करोगाने मात्र हे उत्तर दीर्घकाळ दिले नाही. हा रोग म्हणजे हॉजकिन लसीकार्बुद. त्याचे वर्णन १८३२ मध्ये झाले. त्यातील वैशिष्ट्यपूर्ण पेशीचे निश्चित वर्णन १८९८ ते १९०२ या काळात झाले. त्या पेशीचे कूळ कळण्यास १९९४ साल उजाडावे लागले. दरम्यान १९७० पर्यंत हा रोग बऱ्याच रुग्णांत पूर्ण बरा होऊ लागला होता. म्हणजे पेशीचे कूळ ठाऊक नसतानाच वैद्यक तिच्यावर मात करू लागले होते.

या शोधाची हकीकत पाठ्यपुस्तकांत बहुधा सरळ रेषेत सांगितली जाते : आधी अज्ञान, मग चुका, शेवटी सत्य. प्रस्तुत लेखकास ही मांडणी पटत नाही. या इतिहासात उघड चूक म्हणावी अशी निरीक्षणे फार थोडी आहेत. अनेक संशोधकांनी जे पाहिले ते खरेच होते, फसले ते त्यावरून काढलेले अनुमान. क्वचित याच्या उलटही घडले आणि लंगड्या पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष पुढे खरा ठरला. हा गुंता उलगडणे हा या लेखाचा हेतू आहे.

डोळ्यांना दिसले ते

टॉमस हॉजकिन (१७९८-१८६६) हे क्वेकर पंथाचे इंग्रज वैद्य. एडिंबरो येथून पदवी घेतल्यावर ते लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये शवविच्छेदने करीत आणि तेथील विकृतिशास्त्रीय संग्रहालय सांभाळीत. १८३२ च्या जानेवारीत लंडनच्या मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीपुढे त्यांचा निबंध वाचण्यात आला. स्वतः हॉजकिन सोसायटीचे सभासद नसल्याने तो त्यांच्या वतीने रॉबर्ट ली यांनी वाचला. निबंधात सात रुग्णांची हकीकत होती. त्यांपैकी एकाचे शव हॉजकिन यांनी पाहिलेही नव्हते. रॉबर्ट कार्सवेल यांनी काढलेल्या जलरंगातील चित्रावरून त्यांनी तो रुग्ण आपल्या मालिकेत घेतला.

त्या काळी लसीका ग्रंथी सुजली की अन्यत्र कोठे तरी दाह, व्रण किंवा क्षय आहे असे मानले जाई. ग्रंथीची सूज हा दुसऱ्या विकाराचा परिणाम समजला जाई. आपल्या रुग्णांतील ग्रंथींची आणि प्लीहेची वाढ हा स्वतंत्र, मूळचा विकार आहे, एवढाच हॉजकिन यांचा दावा होता. तो त्यांनी उघड्या डोळ्यांनी दिसलेल्या शवविच्छेदनावरून केला. येथे एक विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. १८२७ मध्ये याच हॉजकिन यांनी जोसेफ जॅक्सन लिस्टर यांच्यासह, लिस्टर यांनी सुधारलेल्या सूक्ष्मदर्शकातून रक्त व प्राणिज ऊतींची निरीक्षणे प्रसिद्ध केली होती. उत्तम सूक्ष्मदर्शक हाताशी असलेल्या मोजक्या वैद्यांपैकी ते एक होते. तरीही १८३२ च्या निबंधात त्याचा उपयोग नाही. यात नवल मात्र नाही. पेशी हे शरीराचे मूलभूत एकक होय हा सिद्धांत श्लायडेन आणि श्वान यांनी १८३८-३९ मध्ये मांडला. जो प्रश्न अजून जन्मालाच आला नव्हता, त्याचे उत्तर शोधण्यासाठी कोणी भिंगाला डोळा का लावावा?

निबंध विस्मृतीत गेला. हॉजकिन यांना १८३७ मध्ये गायज् हॉस्पिटलमध्ये साहाय्यक वैद्याचे पद नाकारण्यात आले आणि त्यांनी संस्था सोडली. वसाहतींमधील आदिवासींच्या हक्कांविषयीची त्यांची स्पष्ट मते संस्थेच्या खजिनदारांना रुचत नव्हती, हेही त्यामागील एक कारण मानले जाते. पुढे त्याच रुग्णालयातील सॅम्युअल विल्क्स यांना स्वतंत्रपणे असेच रुग्ण आढळले. आपल्या आधी हॉजकिन यांनी हे लिहिले होते असे ध्यानात येताच त्यांनी १८६५ मध्ये प्रांजळपणे या विकाराला हॉजकिन यांचे नाव दिले. पुढच्याच वर्षी हॉजकिन जाफा येथे निवर्तले.

या प्रारंभिक पर्वाला एक सुरस जोड आहे. हॉजकिन यांनी जपलेले काही नमुने संग्रहालयात टिकून होते. १९२६ मध्ये हर्बर्ट फॉक्स यांनी त्यांतील तीन रुग्णांच्या ऊतींचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. जवळजवळ शतकभर द्रवात राहिलेल्या त्या ऊतींपैकी दोघांच्या ऊतींत हॉजकिन यांचाच रोग स्पष्ट दिसला. तिसऱ्याचा विकार लसीका ग्रंथींच्या वेगळ्या जातीच्या अर्बुदाचा होता. उघड्या डोळ्यांनी केलेल्या वर्गीकरणाचे बळ आणि त्याची मर्यादा या तीन नमुन्यांत एकत्र पाहावयास मिळते.

पेशी दिसली, पण कोणाची?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या ग्रंथींत अवाढव्य पेशी असल्याचे अनेकांनी टिपले होते. तथापि त्यांचे नेमके वर्णन व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये केले. नेहमीच्या लसीका पेशीच्या कितीतरी पट मोठी, दोन किंवा अधिक केंद्रके असलेली ही पेशी. प्रत्येक केंद्रकात एकेक ठळक केंद्रिका असते आणि तिच्याभोवती फिकट वलय असते. घुबड आपल्याकडे डोळे रोखून पाहत आहे असा भास या जोड-केंद्रकांमुळे होतो आणि विद्यार्थी आजही ती याच खुणेने ओळखतात.

स्टर्नबर्ग यांच्या रुग्णांपैकी अनेकांना क्षयरोगही होता. साहजिकच हा क्षयरोगाचाच एक विशिष्ट प्रकार असावा असे त्यांनी मानले. रीड यांनी आठ रुग्णांचा अभ्यास केला, ग्रंथींतील ऊती प्राण्यांना टोचून पाहिल्या आणि त्यांना क्षय होत नाही असे दाखविले. हा रोग क्षयापासून वेगळा आहे आणि सूक्ष्मदर्शकाखालील त्याचे चित्र इतके वैशिष्ट्यपूर्ण आहे की केवळ त्यावरून निदान करता यावे, असा निर्वाळा त्यांनी दिला. तो आजही टिकून आहे. मात्र रीड यांच्याही मते हा कर्करोग नव्हता, एक प्रकारचा दाह होता. ज्यांची नावे या कर्करोगपेशीला चिकटली त्या दोघांपैकी एकानेही तिला कर्करोगपेशी म्हटले नव्हते. स्त्रीला अध्यापनपदाची आशा नाही हे ध्यानात आल्यावर रीड यांनी जॉन्स हॉपकिन्स सोडले. पुढे डोरोथी रीड मेंडेनहॉल या नावाने त्यांनी माता-बालकांच्या आरोग्यासाठी मोठे काम केले, पण विकृतिशास्त्राला त्या अंतरल्या.

क्षयरोगाशी असलेली ही गल्लत केवळ इतिहासजमा झालेली नाही. आपल्याकडे मानेतील सुजलेल्या ग्रंथींना गंडमाळा म्हणण्याचा प्रघात जुना आहे आणि क्षयाचे प्रमाण मोठे असल्याने तो संशय प्रथम येणे गैरही नाही. परंतु गाठीचा तुकडा न तपासता क्षयावरील औषधे सुरू केल्याने हॉजकिन रोगाचे निदान लांबणीवर पडते, हा भारतीय चिकित्सकांचा नित्याचा अनुभव आहे. स्टर्नबर्ग यांना पडलेला पेच आपल्या बाह्यरुग्ण विभागांत अजून रोज पडतो.

दाह की कर्करोग हा वाद पुढे पाच-सहा दशके चालला. त्यास कारणही तसेच होते. कर्करोगाच्या गाठीत बव्हंशी कर्करोगपेशी असाव्यात अशी अपेक्षा असते. हॉजकिनच्या गाठीत मात्र रीड-स्टर्नबर्ग पेशी साधारणपणे शंभरात एक, कधी त्याहूनही कमी. उरलेला सारा मेळा लसीका पेशी, इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी अशा निरोगी पाहुण्यांचा. म्हणजे दृश्य सगळे दाहाचेच. १९३० च्या दशकात मर्व्हिन गॉर्डन यांनी या ग्रंथींचा अर्क सशांच्या मेंदूत टोचला असता सशांना मेंदूचा विकार जडला. विषाणू सापडला, असे त्या वेळी वाटले. पुढे उमगले की हा परिणाम गाठीत जमलेल्या इओसिनोफिल पेशींतील विषारी प्रथिनाचा होता. निरीक्षण अचूक होते, पण पकडला गेला तो पाहुणा. या एका प्रसंगात पुढच्या अर्धशतकाची अडचण सामावलेली आहे : गाठ घोटून जे काही मोजावे, ते शंभरातील नव्याण्णव पेशींचे मोजमाप ठरे.

१९६० च्या दशकात रीड-स्टर्नबर्ग पेशींतील गुणसूत्रांची संख्या बिघडलेली असल्याचे दिसून आले आणि कर्करोगाचा पक्ष बळावला. उपचार तर त्याही पुढे धावत होते. स्टॅनफर्ड येथे हेन्री कॅप्लन यांनी किरणोपचारांची शिस्तबद्ध पद्धत घडविली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत व्हिन्सेंट डिव्हिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार औषधांची उपचारमालिका तयार करून तिचे निष्कर्ष १९७० मध्ये प्रसिद्ध केले. १९७५ मध्ये मिलानच्या जानी बोनादोना यांनी दुसरी चौकडी पुढे आणली. रोग हटू लागला. कूळ मात्र ठाऊक नव्हते.

बरोबर उत्तर, चुकीचा पुरावा

१९७४ मध्ये क्लाइव्ह टेलर यांच्यासह काही संशोधकांनी रीड-स्टर्नबर्ग पेशीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचे प्रथिन, असल्याचे दाखविले. प्रतिपिंडे निर्माण करतात त्या बी लसीका पेशी. सबब ही पेशी बी कुळातील असावी, हे अनुमान सरळ होते.

चार वर्षांनी मार्शल केडिन आणि सहकाऱ्यांनी त्यास धक्का दिला. प्रतिपिंडाच्या लघुशृंखला कॅपा आणि लॅम्डा अशा दोन प्रकारच्या असतात आणि एक बी पेशी त्यांपैकी एकच प्रकार तयार करते. केडिन यांना एकाच रीड-स्टर्नबर्ग पेशीत दोन्ही प्रकार मिळाले. याचा अर्थ उघड होता. ते प्रथिन पेशीने घडविलेले नव्हते, बाहेरून गिळलेले होते. गिळण्याचे काम महाभक्षी पेशींचे. म्हणून ही पेशी महाभक्षी कुळातील असावी, असा निष्कर्ष निघाला. १९७७ मध्ये खुद्द कॅप्लन आणि सुझान गार्टनर यांनीही रुग्णांच्या ऊतींतून अवाढव्य पेशी वाढवून त्या कर्करोगग्रस्त महाभक्षी पेशी असल्याचे प्रतिपादन केले होते. दोन स्वतंत्र मार्ग एकाच ठिकाणी येऊन मिळाल्याने या मताला मोठी मान्यता मिळाली.

आज मागे वळून पाहता काय दिसते? १९७४ चा निष्कर्ष बरोबर होता, पण त्याचा पुरावा टिकणारा नव्हता. १९७८ चे खंडन तर्कशुद्ध होते, पण त्यातून निघालेला निष्कर्ष चुकीचा होता. विज्ञानाच्या इतिहासात चांगल्या खंडनाने आपल्याला सत्यापासून काही काळ दूर नेल्याची याहून स्वच्छ उदाहरणे प्रस्तुत लेखकास फारशी ठाऊक नाहीत. केडिन यांचा दोष कोणता म्हणावा? पेशीने प्रथिन गिळले होते हे खरे. गिळणारी पेशी महाभक्षीच असली पाहिजे, एवढे गृहीतक तेवढे अधिकचे होते.

प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर तरी किती विसंबावे? बोस्टनमध्ये हॉजकिनच्या रुग्णांपासून तयार केल्याचे समजले जाणारे काही पेशीवंश वापरात होते. त्यांतील तीन वंश दक्षिण अमेरिकेतील एका माकडाच्या पेशींचे असल्याचे १९८१ मध्ये उघडकीस आले. इंग्रजीत या माकडाच्या नावातही घुबड आहे, हा निव्वळ योगायोग.

याच सुमारास जर्मनीत अधिक भरवशाचे काम उभे राहत होते. फोल्कर डील यांच्या गटाने हॅनोव्हर येथे रुग्णाच्या छातीतील द्रवातून एल-४२८ हा पेशीवंश मिळविला. कील येथील हाराल्ड श्टाइन, उल्रिश श्वाब आणि सहकाऱ्यांनी त्याचा उपयोग करून उंदरांत प्रतिपिंडे तयार केली. क्योलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधलेल्या एकजनुकीय प्रतिपिंडांच्या तंत्रामुळे हे शक्य झाले होते. १९८२ मध्ये जाहीर झालेले त्यांचे प्रतिपिंड रीड-स्टर्नबर्ग पेशींना नेमके चिकटत होते. त्या प्रतिपिंडाचे लक्ष्य आज सीडी-३० या नावाने ओळखले जाते. १९८५ मध्ये श्टाइन यांच्याच गटाने दाखविले की चेतविलेल्या बी आणि टी अशा दोन्ही लसीका पेशींवर हे प्रथिन येते. त्यामुळे महाभक्षी कुळाचा पक्ष दुबळा झाला, तरी बी की टी हा प्रश्न उरलाच. इतर खुणा गोंधळ वाढवीत होत्या. कोठे कणपेशींची खूण, कोठे वृक्षिकाकृती पेशींची. पेशी एक, दाखले मात्र चार घरांचे.

एकेक पेशी वेचून

निर्णायक उत्तरासाठी प्रथिनांच्या साक्षीपलीकडे जाणे भाग होते. प्रथिने गिळता येतात, उसनी घेता येतात, टाकूनही देता येतात. जनुकांतील एक फेरफार मात्र कायमचा असतो. बी पेशी तयार होताना प्रतिपिंडाच्या जनुकाचे तुकडे कापून नव्याने जोडले जातात, हे सुसुमू तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखविले होते. ही जोडणी प्रत्येक बी पेशीत वेगळी असते आणि तिच्या सर्व वंशजांत जशीच्या तशी उतरते. पुढे लसीका ग्रंथीतील अंकुरकेंद्रात पेशी आली की त्या जनुकात आणखी उत्परिवर्तने होतात. थोडक्यात, बी पेशीच्या जनुकात तिची वंशावळ आणि तिच्या प्रवासाची नोंद अशी दोन्ही लिहिलेली असतात. पेशीने आपले सारे रूप टाकले तरी ही नोंद पुसली जात नाही.

अडचण होती ती शंभरातील त्या एका पेशीपर्यंत पोहोचण्याची. कोलोन विद्यापीठातील क्लाउस राजेव्स्की आणि राल्फ कुपर्स यांनी विकृतिशास्त्रज्ञ मार्टिन-लिओ हान्समान यांच्या सहकार्याने ती सोडविली. गोठविलेल्या ऊतीचा पातळ छेद घ्यायचा, हव्या त्या पेशी रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली अतिसूक्ष्म नळीने त्यांतील एकच पेशी उचलायची आणि पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेने तिच्यातील जनुकाच्या असंख्य प्रती काढून त्यांचा क्रम वाचायचा, अशी ही पद्धत. १९९३ मध्ये त्यांनी ती निरोगी अंकुरकेंद्रांवर वापरली आणि १९९४ मध्ये हॉजकिन रोगाच्या तीन रुग्णांवर. तिन्ही रुग्णांत वेचलेल्या पेशींमध्ये प्रतिपिंड-जनुकांची जोडणी आढळली, आणि प्रत्येक रुग्णापुरती ती एकसारखी होती. पेशी बी कुळातील होती आणि एकाच पूर्वज पेशीची संतती होती.

मान्यता लगेच मिळाली नाही. अशाच पद्धतीने पेशी वेचणाऱ्या अन्य गटांना काही रुग्णांत जोडणीच सापडली नाही, तर काहींत ती पेशीगणिक निराळी आढळली. एका पेशीवर चालणारे तंत्र फार नाजूक असते. शेजारच्या निरोगी पेशीचा कण नळीत शिरला तरी निष्कर्ष बदलतो. अधिक रुग्ण आणि अधिक काटेकोर पडताळे यांतून १९९० च्या दशकाअखेर कोलोनच्या निष्कर्षाला पुष्टी मिळाली. अत्यल्प रुग्णांत ही पेशी टी कुळातील असू शकते, असेही २००० च्या सुमारास नोंदविले गेले.

खरे आश्चर्य १९९६ मध्ये पुढे आले. हॉल्गर कान्झ्लर, कुपर्स, हान्समान आणि राजेव्स्की यांना काही रुग्णांच्या रीड-स्टर्नबर्ग पेशींतील प्रतिपिंड-जनुके उत्परिवर्तनांनी पंगू झालेली आढळली. त्यांपासून उपयुक्त प्रतिपिंड बनणे अशक्य होते. अंकुरकेंद्राचा नियम कठोर आहे : ज्या बी पेशीचा प्रतिपिंड-ग्राहक निकामी होतो, तिला तेथेच मरण येते. म्हणजे ही पेशी अशा पूर्वजापासून आली होती की जो तेव्हाच मरावयास हवा होता. मरणातून तिला सोडविले कोणी? काही रुग्णांपुरते एक उत्तर मिळाले आहे. एपस्टाइन-बार विषाणू या पेशींत असतो हे आधीपासून ठाऊक होते. निकामी ग्राहकाच्या अंकुरकेंद्र पेशींना हा विषाणू जगवू शकतो, हे २००५ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झाले. पाश्चात्त्य देशांत साधारण तृतीयांश ते दोन पंचमांश रुग्णांत तो आढळतो. भारतात हे प्रमाण पुष्कळ अधिक आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही बहुसंख्य रुग्णांच्या रीड-स्टर्नबर्ग पेशींत विषाणू सापडला होता. तेव्हा पेशीच्या उगमाचा हा भाग आपल्या रुग्णांच्या दृष्टीने दूरदेशीची वार्ता नाही.

शतकभर पेशी ओळखू का येत नव्हती, याचाही उलगडा २००३ मध्ये झाला. इनेस श्वेरिंग आणि सहकाऱ्यांनी या पेशींतील जनुकांच्या कार्याचा आढावा घेतला, तेव्हा बी पेशीची ओळख घडविणारी बहुतेक जनुके मिटलेली दिसली. पेशीने आपल्या घराण्याची चिन्हे जवळजवळ सगळी उतरवून ठेवली होती. १९८० च्या दशकातील संशोधकांना चार घरांचे दाखले मिळाले, यात त्यांच्या नजरेचा दोष नव्हता.

कूळ कळल्याने रुग्णाच्या पदरात काय पडले, असा प्रश्न रास्तपणे विचारता येईल. येथे भाबडेपणा टाळावयास हवा. सीडी-३० ला चिकटून पेशीत विष सोडणारे ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन हे औषध अमेरिकेत २०११ मध्ये संमत झाले. त्याचे मूळ १९८२ च्या प्रतिपिंडात, म्हणजे कुळाचा निर्णय होण्याच्या बारा वर्षे आधीच्या कामात आहे. भोवतालच्या टी पेशींना ही पेशी ज्या प्रथिनाने थोपवून धरते, त्याच्या जनुकाच्या वाढीव प्रती २०१० मध्ये आढळल्या, आणि तो रोध दूर करणारे निव्होल्युमॅब २०१६ मध्ये संमत झाले. या दोन्ही औषधांपैकी कोणतेही बी कुळावर थेट बेतलेले नाही. बी पेशींवरील नेहमीचे लक्ष्य, सीडी-२० हे प्रथिन, तर बहुतेक रीड-स्टर्नबर्ग पेशींवर उरलेलेच नसते.

कुळाच्या निर्णयाचा ठसा उमटला तो नामकरणावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणाने हॉजकिन ‘रोग’ हे नाव बाजूस सारून हॉजकिन ‘लसीकार्बुद’ हे नाव रूढ केले. त्याचबरोबर अभिजात प्रकार आणि ग्रंथिल, लसीकापेशीप्रधान प्रकार अशी विभागणी झाली. दुसऱ्या प्रकारातील पेशींनी बी कुळाची चिन्हे बव्हंशी राखलेली असतात. त्यांच्या प्रतिपिंड-जनुकांत उत्परिवर्तने अजून चालू असल्याचे १९९७ मध्येच दिसले होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्गीकरणांपैकी आंतरराष्ट्रीय सहमती वर्गीकरणाने या प्रकारातून हॉजकिन यांचे नाव काढून त्यास बी पेशींचे लसीकार्बुद म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने जुने नाव कायम ठेवून नव्या नावालाही मुभा दिली. गायज् हॉस्पिटलच्या संग्रहालयातील तीन नमुन्यांपैकी एक १९२६ मध्ये वेगळा निघाला होता. हॉजकिन यांच्या नावाखाली काय ठेवावे आणि काय काढावे, हे काम त्यानंतर शतकाने अजून चालू आहे.